सारस, साडभाऊ आणि एका पायाचा स्टँड

नागपूर

बालाघाट जिल्ह्यातले सारस पाहायला जाणाऱ्याने दुर्बीण न्यावी, जाड चादर न्यावी आणि साडू नेऊ नये, असं मी परत आल्यावर दोघा-तिघांना सांगितलं. ते हसले. मी गमतीने सांगितलं नव्हतं.

साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. आमच्याकडे साडभाऊ म्हणतात. माझे साडभाऊ सुखदेवराव तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत फिटर आहेत. माझी बायको शांता धाकटी, त्यांची कौसल्याबाई थोरली, म्हणून मानाने ते मोठे. शिक्षणाने मी मोठा. माझे वडील कापड गिरणीत जन्मभर बदली कामगार होते. आमच्या गल्लीत पदवीचा कागद चौकटीत लावलेलं घर एकच, आमचं. बीएस्सी, भौतिकशास्त्र. मी नागपुरात हायस्कूलला शिकवतो. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही. म्हणजे मिरवतोही, पण पुढे जे झालं ते या कागदाशिवाय समजणार नाही.

सासुरवाडी किरनापूरच्या पलीकडे एका खेड्यात. तिथल्या धानाच्या बांध्यांत सारसाची जोडी उतरते. लाल डोकं, राखी अंग, उभी राहिली तर माणसाच्या खांद्याला लागेल एवढी उंच. दोन वर्षं जाता-येता टिपणं काढून मी सारसावर लेख लिहिला आणि इथल्या एका मासिकाला पाठवला. संपादकांचं उत्तर आलं: लेख घेतो, सोबत फोटो पाहिजे; फोटो चांगला असला तर मुखपृष्ठावर टाकू, फोटो काढणाऱ्याच्या नावासकट. शांताला पत्र वाचून दाखवताना मी पहिलं वाक्य दोनदा वाचलं आणि शेवटचं भरकन.

कारण कॅमेरा माझ्याकडे नव्हता. सुखदेवरावांकडे होता. खाणीवरचा एक परदेशी इंजिनीअर मायदेशी जाताना आपला कॅमेरा आणि हातभर लांब टेलिफोटो लेन्स त्यांच्या हवाली करून गेला. का, तर त्याची मोटार हे कायम चालू ठेवत. लेन्स अशी, की पलीकडच्या झाडावरच्या पोपटाची पापणी दिसावी. वजन कॅमेऱ्यासकट चार किलोच्या वर. हातात धरून चार किलोचा फोटो काढायचा म्हणजे फोटोत पक्ष्याऐवजी आपला थरकाप येतो. सुखदेवरावांनी कार्ड टाकलं: "हातानं फोटो हालते. तीन पायाचा स्टँड बांधावर बसत नाही. एका पायाचा घ्याव म्हणतो. तुमी सायन्सवाले, तुमीच निवडून द्या. येतो."

ते यायच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळी मी शांताला हा सगळा प्रश्न समजावून दिला. बेलणं उभं धरलं, त्यावर बटाटा ठेवला, बटाट्यावर तांब्या आडवा. "हे बघ. स्टँडला एकच पाय आहे. तो आपणहूनच चारी बाजूंनी कलतो, गरागरा फिरतो. त्याच्यावर पुन्हा चारी बाजूंनी फिरणारा गोळा बसवला, म्हणजे दारुड्याच्या खांद्यावर दारुडा. जड लेन्स जरा सैल सोडली की कुठेही मान टाकणार. म्हणून स्टँड आणि कॅमेऱ्याच्या मधे नुसतं एका बिजागरीचं हेड पाहिजे, खाली-वर होणारं." शांताने बटाटा धरला होता. तांब्या कलंडला, पाणी माझ्या पायजम्यावर. ती म्हणाली, "समजलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही सीताबर्डीवरच्या दुकानात. दुकानदार जाड चष्म्याचे म्हातारे गृहस्थ. सुखदेवरावांनी पिशवीतून लेन्स काढली मात्र, म्हातारबुवा उठून उभे राहिले. दोन्ही हातांनी घेतली, बाळ घेतात तशी. दुकानातली माणसं गोळा झाली. "कुठली? कोणी दिली? यातून काय दिसतं?" सुखदेवराव आपल्या तिरोडीच्या बोलीत सांगत होते आणि शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. त्यांना खुर्ची मिळाली. मी उभा. बीएस्सी उभा होता.

स्टँड निवडताना मी इमानदारीने निवडला, हे आधी सांगतो. एक होता पाच तुकड्यांचा, बारीक, मिटला की पिशवीत मावणारा. दुकानातल्या सर्वांना आवडला. मी त्याच्या डोक्यावर तळहात ठेवून भार दिला तर गळाच्या काठीसारखा वाकला. बाजूला ठेवला. दुसरा जाड, तीन तुकड्यांचा, कड्या घट्ट. उंची सुखदेवरावांच्या डोळ्याला लावून पाहिली, कारण वाकून फोटो काढणारा माणूस पाच मिनिटांत हलायला लागतो. हा घ्या, म्हटलं. म्हातारबुवांनी मान डोलावली. मला बरं वाटलं.

मग हेड. दोन होती. एक चकचकीत, निकेल चढवलेलं, गोळ्याचं. एक काळं, कुरूप, बिजागरीचं, अंगठ्याएवढा स्क्रू. म्हातारबुवा म्हणाले, "एवढ्या मोठ्या लेन्सला म्हणाल तर..."

"माहीत आहे मला," मी म्हणालो.

त्या क्षणी माझ्या डोळ्यासमोर मासिकाचं मुखपृष्ठ होतं. त्यावर सारस, आणि सारसाखाली सुखदेवरावांचं नाव. आणि आत सतराव्या पानावर बारीक टाइपात मी. मला फोटो हवा होता. फक्त फार चांगला नको होता. लेखाच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा, पक्षी आहे एवढं कळण्यापुरता.

"हे घ्या," मी म्हणालो, आणि गोळ्याचं हेड त्यांच्या हातात ठेवलं.

म्हातारबुवांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाईकाशी वाद घालायचं त्यांचं वय गेलं होतं. सुखदेवराव मात्र हेड उन्हात फिरवत म्हणाले, "वा! चांदीवानी हाय. आपल्याले काय समजते? साडभाऊ होते म्हणून बरं."

बालाघाट

गोंदियापर्यंत मोठी गाडी, तिथून छोटी लाईन. छोट्या लाईनचा डबा म्हणजे चालतं घर. समोरच्या बाकावरच्या माणसाचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागतात आणि बालाघाट येईपर्यंत त्याच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय ते आपल्याला पाठ होतं. भाषा मध्येच कधी बदलली ते कळत नाही. छप्पन साली राज्यांची हद्द पडली, आम्ही अलीकडे आलो, बालाघाट पलीकडे राहिलं. घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि बाजारात दोन्हीची खिचडी. शाळेतली मुलं मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर देतात. मी मास्तर असल्याने मला ते खटकलं. सुखदेवरावांना खटकलं नाही. ते दोन्हीकडून बोलतात आणि दोन्हीकडचे त्यांना आपला समजतात. हेही मला खटकलं.

किरनापूरची बस दुपारनंतर होती. सुखदेवराव म्हणाले, "चला, वैनगंगेवर जाऊन लाठीची चाचणी घेऊ." मोनोपॉडला, म्हणजे या एका पायाच्या स्टँडला, ते लाठी म्हणत.

पाणी हिवाळ्यात उतरलेलं, मधे वाळूची बेटं, काठावर धोबी. एका डोणग्याच्या, म्हणजे लहान नावेच्या, टोकावर खंड्या बसला होता. सुखदेवरावांनी लाठी उभी केली, हेड बसवलं, वर कॅमेरा कसला. खंड्याकडे रोखायला गोळा आवळायची चावी जरा सैल केली आणि लेन्सने पंगतीत डुलकी लागलेल्या म्हाताऱ्यासारखी मान टाकली. कॅमेऱ्याची पाठ त्यांच्या नाकावर आपटली. खंड्या उडाला. धोबी हसले.

"मीच अडाणी," नाक चोळत सुखदेवराव म्हणाले.

पुन्हा केलं. या वेळी लेन्स डावीकडे झुकली. मी चहाचा कप घेऊन उभा होतो आणि, लपवण्यात अर्थ नाही, मला आतून गुदगुल्या होत होत्या.

मग त्यांनी एक केलं. खाली वाळूवर बसून लेन्स आडवी एका बोटावर तोलून पाहिली. पुढे सरकवली, मागे सरकवली. जिथे ती बोटावर स्थिर राहिली तिथेच लेन्सच्या अंगाला एक पट्टा होता आणि पट्ट्याला स्क्रूचं भोक. "हे पाहा, साडभाऊ. कॅमेऱ्याले नाई कसायचं. लेन्सच्या पोटाले कसायचं. तोल इथं हाय." गुरुत्वमध्य. मी तो शिकायला चार वर्षं नागपूरच्या कॉलेजात गेलो होतो आणि काल दुकानापासून मुद्दाम गप्प होतो. त्यांनी तो वाळूत बसून एका बोटाने काढला.

त्याने फरक पडला, पण गोळा तो गोळाच. लेन्स आता सावकाश मान टाकायची, एवढंच. चहावाला बघत होता. म्हणाला, "भाईसाहब, ये मुंडी किसने दिलवा दी? ये तो नशे में है."

सुखदेवराव एकदम ताठ झाले. "हमारे साढूभाई ने पसंद की है. बीएस्सी हैं. चीज अच्छी है, हमारा हाथ नहीं बैठा अभी."

चहावाल्याने माझ्याकडे आदराने पाहिलं. तो आदर मी घेतला.

किरनापूरच्या पलीकडे

बस लांजीची. किरनापूरला उतरलो तेव्हा बैल जुंपलेलं मामाजींचं खाचर उभं होतं. मामाजी म्हणजे आमचे सासरे. पाच एकर धान, एक बैलजोडी, आवाज मोठा. बायका आदल्या दिवशीच माहेरी आल्या होत्या.

नागपुरात जावई आला तर त्याला टॉवेल देतात आणि नळ दाखवतात. इथे अजून अंगणात पाट मांडून पाय धुतात. बुद्धाच्या तसबिरीखाली सतरंजी, तिच्यापुढे जेवणाचे पाट. पहिला पाट थोरल्या जावयाचा. वाढायला सुरुवात तिथून. भाजीतली चांगली फोड तिथे. मी दुसऱ्या पाटावर. लग्न झाल्यापासून सहा वर्षं मी दुसऱ्या पाटावर आहे आणि धाकटी मेव्हणी नसल्यामुळे माझ्याखाली कोणी येण्याची आशा नाही.

जेवण मात्र असं, की नागपूरकरांनी ऐकावं. नव्या तांदळाचा भात, वाफेला दुधाचा वास. लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी. ही लाखोळीची डाळ धान उभं असतानाच त्याच्या पायाशी पेरतात, धान कापलं की तिला ऊन मिळतं. सुक्या झिंग्यांची चटणी. उकडलेले शिंगाडे, काळे, शिंगं असलेले, आत लोण्यासारखे. मी चार वेळा भात घेतला. सुखदेवरावांनी लेन्स काढून मामाजींना गावाबाहेरचं टेकाड दाखवलं. मामाजींनी लेन्समधून पाहत ओरडून सगळ्यांना सांगितलं, "अबे, बकरी चावून राह्यली ते दिसते!" शेजारीपाजारी जमले. पदवीचा कागद मी कधी इथे आणला नव्हता, आणि आणला असता तरी त्यातून बकरी दिसली नसती.

हात धुवायला मी मागच्या सांदवाडीत, परसात, गेलो. शांता तिथे भांडी घासत होती. वर न पाहता म्हणाली, "भाऊजीनं ते मुंडकं दाखवलं मले."

"बरं."

"गोल हाय ते."

मी दुसऱ्यांदा हात धुवायला घेतले.

"बटाटा मीच धरला होता न?"

"हळू बोल."

"काहून? तुमाले तं समजत होतं." तिने राखेचा हात थांबवला. "मी अक्काले सांगणार नाई. भाऊजीले बी नाई. तुमचं तुमी पाहा." आणि पुन्हा घासायला लागली. ती ओरडली असती तर मला उत्तर सुचलं असतं.

बांधी

पहाटेचं धुकं बांध्यांमध्ये भरून राहतं, ताटात दूध ओतल्यासारखं. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा बांध घातलेलं धानाचं शेत. बांध हातभर रुंद, वर दव. तिथे तीन पायांच्या स्टँडचा एक पाय खुंटांत जातो, एक लाखोळीत, एक चिखलात. सुखदेवराव म्हणत होते ते खरं होतं. एका पायाचाही टोकदार शेंडा ओल्या मातीत रुतायला लागला, तेव्हा त्यांनी घराच्या छपराचं फुटकं कवेलू आणून त्याच्याखाली ठेवलं.

जोडी आली. आधी आवाज, मग पक्षी. नर मान आभाळाकडे करून एकदा हाक देतो, तोवर मादी दोनदा देते, आणि दोन्ही मिळून एकच तुतारी ऐकू येते. लोक म्हणतात, जोडीतला एक मेला तर दुसरा खात नाही. मी माझ्या लेखात लिहिलं होतं की याला शास्त्रीय आधार नाही. समोर पाहताना मात्र आधार मागायची इच्छा होत नाही.

मामाजी, सुखदेवराव आणि मी मोहाच्या झाडाआड. पक्षी चालत चालत जवळ आले. नराने पंख उघडले, उडी मारली, खाली आला, मादीभोवती वाकला. नाच सुरू झाला. सुखदेवरावांनी त्याच्याबरोबर लेन्स फिरवायला चावी सैल केली. लेन्स कलंडली, कॅमेऱ्याची पाठ भुवईवर आपटली, खण् असा आवाज झाला. चार पावलं धावून दोन्ही सारस उठले आणि धुक्यावर गेले.

भुवईतून रक्त आलं. मामाजींनी रक्ताकडे पाहिलंच नाही. "यंत्र समजत नाई तं कायले घेतलं? चांगला नाच गमावला! आन म्हणे फिटर!"

आता ते सांगतील, असं मला वाटलं. 'मी नाही, यांनी निवडलं,' एवढे चारच शब्द होते. ते सगळे खरे होते.

"चुकलं, मामाजी," सुखदेवराव म्हणाले.

घरी परतताना ते पुढे, मी मागे. आजवर मला त्यांच्या लेन्सचा हेवा होता, पहिल्या पाटाचा होता, कोणाशीही दोन भाषांत बोलता येण्याचा होता. त्या सकाळी त्यात एक भर पडली. एवढं सोपं वाक्य गिळणारं मन माझ्याकडे का नाही, याचा मला हेवा वाटला. आणि ज्याचं रक्त निघालं त्याच्यावरच त्यापायी राग आला.

वाटेत गेंदलाल भेटला. गावच्या तळ्यात शिंगाडे लावतो. खांद्यावर कावड, दोन्ही टोपल्या शिंगाड्यांनी भरलेल्या, हातात एक बेचकं असलेली काठी. आम्हाला पाहून तो थांबला. टोपल्या खाली ठेवल्या नाहीत. हातातली काठी जमिनीवर टेकवली, कावडीचा दांडा बेचक्यात ठेवला आणि खांदा बाहेर काढून घेतला. मणभर वजन एका काठीवर उभं, आणि हा एका हाताने ती काठी धरून मामाजींशी गप्पा मारतोय. मामाजी उजवीकडे गेले तर तोही कावडीसकट उजवीकडे वळला. खाली बांधावर कुणी हाक मारली तर काठी जराशी पुढे कलवून वाकून पाहिलं. टोपल्या झुलल्या, पडल्या नाहीत.

सुखदेवराव भुवईवर रुमाल दाबून टक लावून बघत होते. "गेंदलाल, पुन्हा तिकडे फिर बरं."

तो फिरला.

"आता वाक. आता मागं ये."

"काय जी, जवाईबुवा, कवायत करवता का माझी?"

"बेचक्यात दांडा हालत काहून नाई?"

"बेचकं कायले हालन? काठी वजन धरते. हालाचं ते आपण हालाचं." आणि वर हिंदीत, "इतनी सी बात है."

सुखदेवराव तिथेच बांधावर बसले. खिशातून पक्कड काढली; फिटर माणूस, पक्कड त्याच्या खिशात नेहमीच. गोळ्याचं हेड पिळून काढलं आणि बाजूला गवतात ठेवलं. लाठीच्या टोकाचा स्क्रू लेन्सच्या पोटाच्या भोकात बसतो का पाहिलं. बसला. घट्ट. आता हलणारा भागच नव्हता. वर पाहायचं तर लाठी अंगाकडे ओढायची, खाली पाहायचं तर पुढे लोटायची, बाजूला पाहायचं तर स्वतः वळायचं. उंची चार बोटं कमी झाली, तर खालची कडी तेवढी सरकवली.

हे मला माहीत नव्हतं. हे मी स्वच्छ लिहितो. बिजागरीचं हेड गोळ्यापेक्षा चांगलं, इथपर्यंत माझं शास्त्र होतं. हेड नसलं तरी भागतं, हे शास्त्र गेंदलालकडे होतं आणि त्याच्याकडून ते घ्यायला सुखदेवरावांना लाज वाटली नाही. मी त्या जागी असतो तर गेंदलालला शिंगाड्याचा भाव विचारून पुढे गेलो असतो.

दुसऱ्या पहाटे मामाजी आले नाहीत. आम्ही दोघेच. माती जास्त ओली होती, कवेलू सरकत होतं. सुखदेवराव कुजबुजले, "साडभाऊ, जरा धरता का जी?" मी बांधावर उकिडवा बसलो आणि त्यांच्या पायाशी दोन्ही हातांनी कवेलू दाबून धरलं. त्यामुळे नाच मला दिसला नाही. मला दिसल्या त्यांच्या चपला, आणि लाठी जराशी पुढे गेली, थांबली, जराशी वळली, थांबली. वर दोघांची ती एक हाक घुमली. शटर वाजलं. पुन्हा वाजलं.

"आला," ते म्हणाले. "दोघंबी आले. माना वर."

दुपारच्या जेवणाला मामाजींना कळलं. त्यांचा राग कालच्याएवढाच मोठा आनंद होऊन परत आला. सुखदेवराव पहिल्या पाटावर बसले होते ते उठले. "आज इथं मास्तर बसतीन, मामाजी. लाठी त्यायनं निवडली. लाठी अस्सल निघाली. आज कवेलूबी त्यायनंच धरलं."

"बराबर हाय," मामाजी म्हणाले. "घरात एक शिकला मानूस पाहिजेच."

मी बसलो. कौसल्याबाईंनी पहिला भात माझ्या ताटात वाढला, वर तुपाची धार. शांता चुलीपाशी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी जेवलो असतो. तिने मुद्दाम पाहिलं नाही, ते मला सहन झालं नाही.

"हेड मी चुकीचं दिलं होतं," मी म्हणालो.

"होते चूक," सुखदेवराव म्हणाले.

"चूक नाही. मला माहीत होतं. कुठलं बरोबर ते माहीत होतं, आणि दुसरं दिलं."

मामाजींचा घास हातात राहिला. "मुद्दाम?"

"हौ."

"कायले?"

वर्गात मुलांना मी सांगतो, उत्तर एका वाक्यात लिहा. "जळून राह्यलो होतो," मी म्हणालो.

सुखदेवरावांच्या भुवईवर हळद लावलेली होती, तिला त्यांनी एकदा बोट लावलं. मग म्हणाले, "भात वाढा," आणि जेवले. मला पाटावरून ऊठ असं कोणी म्हणालं नाही, आणि आपणहून उठायचं की कसं हे मला कळेना. म्हणून मी पहिल्या पाटावर बसून सगळं जेवलो. त्या तुपाची चव मला आठवत नाही.

परतीला

बायका चार दिवस माहेरी राहिल्या. बसमध्ये ते पुढे बसले, मी मागे. बालाघाटच्या फलाटावर माझी गाडी गोंदियाकडे, त्यांची कटंगीकडे. कटंगीची आधी होती. ते पिशवी खांद्यावर, लाठी हातात घेऊन उभे होते. डोक्याविना लाठी.

"मुखपृष्ठावर माझं नाव येईन, म्हणून?" त्यांनी विचारलं. मुखपृष्ठाचं मी त्यांना कधी बोललो नव्हतो. संपादकांचं पत्र मात्र शांताने कौसल्याबाईंना केव्हाच वाचून दाखवलं होतं.

"हौ."

"माझं नाव अजून कुठंच छापून नाई आलं, मास्तर. हजेरीच्या कागदावर येते, ते बी चुकीचं." साडभाऊ म्हणाले नाहीत, मास्तर म्हणाले. मला ते लागलं.

"फोटो तुमचाच आहे. नाव तुमचंच जाईल," मी म्हणालो.

"तसं नाई." त्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "सारसाचं काय लिहाचं ते लिहा. पण हे बी लिहा. दुकानापासून. जसं झालं तसं. मले पाठवा. वाचीन, मंग निगेटिव्ह पाठवीन."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तं फोटो तिरोडीले लावीन. माझ्या घरी भिंत हाय."

गाडी आली. गर्दीत त्यांनी लाठी आडवी धरली आणि एका म्हातारीला वाट करून दिली, मग स्वतः चढले. हात केला नाही. खिडकीतून लाठीचं टोक तेवढं बराच वेळ दिसत होतं.

घरी आल्यावर मी माझा जुना लेख काढला. सारसाची उंची, अंडी, आवाजाची रचना, सगळं त्यात बरोबर होतं. तो पेटीत ठेवला आणि हा लिहायला बसलो. तीन वेळा लिहिला. पहिल्या दोन वेळा दुकानातला भाग असा उतरला, की वाचणाऱ्याला माझी दया यावी. शांताने दोन्ही वेळा परत केला. "असं नवतं झालं," एवढंच म्हणाली. तिसऱ्या वेळी, म्हणजे इथपर्यंत जे आहे ते, मी तिरोडीला पाठवलं.

पंधरा दिवस काही आलं नाही. मग एक जाड पाकीट आलं. चिठ्ठी नाही. दोन पुठ्ठ्यांमध्ये एक निगेटिव्ह, आणि पुठ्ठ्यावर त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, ठळक अक्षरात, छापणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून.

मी खिडकीपाशी जाऊन निगेटिव्ह उजेडाला धरली. काळ्या आभाळात दोन पांढऱ्या माना. पंखाचं पीस न् पीस सुटं. आधी मी तिच्यात खोट शोधली. कडेला काही हललंय का, एखादा पाय कापला गेलाय का, फोकस कुठे बिघडलाय का. बराच वेळ शोधली. शांता मागे येऊन उभी होती. तिने निगेटिव्ह माझ्या हातातून काढून घेतली आणि पुन्हा पुठ्ठ्यात ठेवली.

"बोटं उमटतात," ती म्हणाली.